रात्री सव्वानऊला आलेला रिपोर्ट

"रिपोर्ट मोबाईलवर येतो. डॉक्टर भेटेपर्यंत दम धरवत नाही. गूगल करते आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. हे सगळ्यांचंच होतं, की मलाच काहीतरी झालंय?"

मी समुपदेशक आहे. गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्यासमोर इतक्यांदा आलाय की समोरच्याने तोंड उघडायच्या आत मला पुढचं वाक्य कळतं. त्याचं उत्तर म्हणून एका बाईंची हकिकत सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बाई 43 वर्षांच्या, नाशिकमधल्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या. नवरा कारखान्यात, शिफ्टची नोकरी. मुलगी दहावीला. जिने चढताना धाप लागते, संध्याकाळपर्यंत गळून जायला होतं, म्हणून त्यांनी फोनवर जाहिरात पाहून तपासणीचं पॅकेज घेतलं. सकाळी घरी येऊन मुलगा रक्त घेऊन गेला आणि रात्री सव्वानऊला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. साठेक आकडे, त्यातले चार ठळक. हिमोग्लोबिन 10.4. ईएसआर, म्हणजे शरीरात कुठे सूज-दाह आहे का याचा ढोबळ अंदाज देणारी चाचणी, 38, आणि शेजारी रेंज: 0 ते 20.

पूर्वी हा कागद पाकिटातून डॉक्टरांच्या टेबलावर जायचा. ते चष्मा वर करून बघायचे, "रक्त कमी आहे, गोळ्या घ्या" म्हणायचे, आणि आपण गोळ्या घेऊन घरी यायचो. ती पद्धत फार थोर होती असं नाही. कित्येकांना आपल्याला काय झालंय हे वर्षानुवर्षं कळायचंच नाही. पण आकडा आणि त्याचा अर्थ एकाच खोलीत, एकाच वेळी भेटायचे. आता आकडा रात्री सव्वानऊला येतो आणि अर्थ दुसऱ्या दिवशी अकराला, नंबर लागला तर. मधली रात्र माणसाने एकट्याने काढायची.

बाईंनी ती फोनबरोबर काढली. ईएसआर वाढण्याची कारणं शोधली तर यादी आली. अ‍ॅनिमिया (म्हणजे रक्त कमी असणं), जंतुसंसर्ग, संधिवात, क्षयरोग, काही कॅन्सर. यादीत सगळी नावं एकाच आकाराच्या अक्षरात असतात. कुठलं कारण दर गल्लीत सापडतं आणि कुठलं लाखात एखाद्याला, हे अक्षरांवरून कळत नाही. बाईंची नजर शेवटच्या ओळीवर, 'लिम्फोमा'वर, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरवर थांबली. त्यात मानेला गाठ येते असं वाचलं आणि त्यांनी मान चाचपली. डाव्या बाजूला, जबड्याखाली, वाटाण्यापेक्षा लहान काहीतरी हाताला लागलं.

अशी बारीक गाठ पुष्कळांच्या मानेत सापडते. घसा धरून गेला, दाढ किडली तरी येते. पण बाईंनी ती पुढच्या चार दिवसांत इतक्या वेळा दाबली की ती दुखायला लागली. आता दुखतेही आहे म्हटल्यावर संशय पक्का झाला.

माझ्याकडे आल्या तेव्हा तीन आठवडे उलटले होते. दरम्यान फॅमिली डॉक्टर, एक फिजिशियन, एक कान-नाक-घसावाले, आणि रात्री अ‍ॅपवरून व्हिडिओवर भेटलेले पाच डॉक्टर. दर वेळी "काही नाही" ऐकलं की हायसं वाटायचं आणि स्वयंपाक होईपर्यंत ते विरून जायचं. व्हिडिओवरच्या एका डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "ताई, गाठ फोनवर बघता येत नाही, हात लावून बघायला हवी." बाईंनी त्याचा अर्थ 'यांना शंका आली' असा लावला. खरं तर आठही जणांत सर्वांत नियमाला धरून बोलले ते हेच. 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात प्रत्यक्ष तपासणी लागेल की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं आणि लागत असेल तर तसं सांगायचं, असंच आहे. माझा व्हिडिओ सल्ल्याला विरोध नाही. सुरगाण्याहून त्वचेच्या डॉक्टरसाठी नाशिक गाठणाऱ्या माणसाचा दिवस आणि एसटीचं भाडं त्याने वाचतं. पण ज्याला धीर विकत घ्यायची सवय लागली, त्याच्यासाठी ते रात्रभर उघडं राहणारं दुकान आहे.

मी आधी त्यांच्या परवानगीने फिजिशियनना फोन केला. समुपदेशकाने 'सगळं मनाचं आहे' असं परस्पर ठरवू नये, त्यात एखाद्याचा जीव जाऊ शकतो. ते म्हणाले, गाठ बघितली, मऊ आहे, हलते, काळजीचं कारण नाही. लोह कमी आहे, अ‍ॅनिमियानेही ईएसआर वाढतो, गोळ्या सुरू केल्यात, तीन महिन्यांनी परत बघू. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय बायकांना अ‍ॅनिमिया निघाला होता. इतकं घरोघरी असलेलं दुखणं, आणि बाईंच्या रात्रीच्या शोधात ते पहिल्याच ओळीत होतं!

मग मी एक हुशारी केली. समोर गणिताच्या बाई, म्हणून त्यांना गणितच घातलं. नॉर्मल रेंज काढताना बहुतेक वेळा निरोगी माणसांतली मधली 95 टक्के धरतात, म्हणजे पाच टक्के निरोगी माणसं रेंजबाहेर राहणारच. "दहावीला संभाव्यता शिकवता ना? एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या धरा. ठणठणीत माणसाच्या वीसच्या वीस नॉर्मल येण्याची शक्यता किती?" त्यांनी माझ्याच पॅडवर 0.95 चा विसावा घात मांडला आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढला. उत्तर 0.36 च्या आसपास. म्हणजे शंभरातल्या 64 धडधाकट माणसांच्या कागदावर एक तरी आकडा ठळक दिसणार. चाचण्या साठ केल्या तर विचारूच नका.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे मला कळतं हो मॅडम. पण रात्री कळत नाही."

माझ्या हुशारीचा निकाल तिथेच लागला. तरी मी आणखी एक चूक केली. "पंधरा दिवस गूगल बंद" असं सांगितलं. पुढच्या वेळी त्या जरा उत्साहात आल्या. "गूगल एकदाही उघडलं नाही." मी शाबासकी देणार तेवढ्यात म्हणाल्या, "आता एआयला विचारते. ते छान समजावून सांगतं, आणि कितीही वेळा विचारलं तरी वैतागत नाही."

वैतागत नाही, हीच तर पंचाईत. नवरा तिसऱ्या वेळी वैतागतो, डॉक्टर दुसऱ्याच वेळी, आणि त्या वैतागाने निदान प्रश्नाला खीळ बसते. इथे खीळ नाही. तोच प्रश्न शब्द बदलून सतरा वेळा विचारता येतो, आणि सतरापैकी एका उत्तरात 'क्वचित प्रसंगी' हा शब्द आला की सोळा उत्तरं वाया.

तेव्हा मी म्हटलं, फोन घ्या, त्या पहिल्या रात्रीचे शोध आपण दोघी बघू. कुणाच्या फोनची हिस्टरी बघणं हे कपाट उघडण्यासारखं आहे, मी सहसा करत नाही. त्यांनी स्वतःच वाचून दाखवली. रात्री 9.25 ते पहाटे 2.20 पर्यंत 47 शोध. पहिला होता 'ईएसआर 38 म्हणजे काय'. अकराच्या सुमाराला 'मानेत गाठ न दुखणारी'. बारानंतर 'लिम्फोमा किती दिवस जगतात'. वाचता वाचता आवाज बारीक होत गेला. शेवटचा शोध त्यांनी वाचलाच नाही, फोन माझ्याकडे सरकवला. लिहिलं होतं, 'आई गेल्यावर दहावीची मुलगी कोण सांभाळतं'.

त्यांची मावशी गेली तेव्हा मावसबहीण दहावीला होती. परीक्षेच्या आधी तीन आठवडे. बाई तेव्हा अकरावीत, आणि त्या बहिणीची उशाशी वही ठेवून झोपायची सवय त्यांना अजून आठवते. हे त्यांनी आठ डॉक्टरांपैकी एकालाही सांगितलं नव्हतं. ईएसआरच्या चौकशीत ते कुठे बसणार?

त्या दिवसापासून आम्ही लिम्फोमा सोडला आणि मावशीबद्दल बोललो. त्याचा तपशील त्यांचा आहे, इथे देत नाही. पण नुसतं बोलून सवय सुटत नसते, तिला हातापायानेच सोडवावं लागतं. शोधायची उबळ आली की प्रश्न वहीत लिहायचा आणि पंधरा मिनिटं थांबायचं. बंदी नाही, फक्त उशीर. पहिल्या आठवड्यात त्यांनी घड्याळ लावून पंधरा मिनिटं काढली आणि सोळाव्या मिनिटाला शोधलं, तेही चालतं. हळूहळू पंधराची तीस झाली, आणि बरेच प्रश्न वहीतच शिळे व्हायला लागले. मान चाचपायची फक्त रविवारी, आंघोळीनंतर, एकदा. वहीतले तीनच प्रश्न निवडून डॉक्टरांकडे न्यायचे, आणि डॉक्टर एकच ठरवायचे. पुढचा रिपोर्ट सकाळी डॉक्टर भेटणार असतील त्याच दिवशी मिळेल असं लॅबला आधीच सांगायचं. घरात फक्त एवढं ठरलं की "मला काही झालं नाही ना?" असं विचारलं तर नवऱ्याने "नाही" म्हणायचं नाही. "वहीत लिहिलंस का?" म्हणायचं. पहिल्यांदा त्यांना हे निर्दयपणाचं वाटलं. नवऱ्याला तर फारच.

एक गोष्ट वहीने सुटेना. रील्स. चार रात्री जे शोधलं, त्याच्या वासावर पुढचे दोन महिने त्यांच्या फोनवर केमो घेणाऱ्या तरुण आया, 'ही पाच लक्षणं दुर्लक्षू नका' म्हणणारे डॉक्टर, आणि कॅन्सर पळवणारा काढा विकणारे महाभाग येत राहिले. (कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार जाहिरातींच्या कायद्यानेच बंदी आहे. रील्सना तो कायदा कुणी वाचून दाखवलेला दिसत नाही.) आम्ही बसून शोधाची हिस्टरी पुसली, प्रत्येक रीलवर 'नको' दाबत गेलो. पंधरा दिवसांनी रांगोळ्या आणि भरल्या वांग्याच्या पाककृती परत आल्या.

आणि मग त्यांनी खाली मान घालून सांगितलं की त्या लिम्फोमाच्या रुग्णांच्या एका फेसबुक गटातही आहेत. आजार नसताना. "चोरासारखी वाचत बसते." त्या गटात मंडळी परळला टाटा रुग्णालयात पहिल्या दिवशी कुठल्या रांगेत उभं राहायचं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेसाठी काय कागद लागतात, केमोनंतर तोंड आलं की काय खायचं, असलं सांगत होती. असे गट ज्यांच्यावर वेळ आली त्यांना किती आधार देतात हे मी जवळून बघितलंय, आणि कुठल्याही दवाखान्याच्या भिंतीवरच्या फलकाला ते जमलेलं नाही. म्हणून मी बाईंना दोष दिला नाही. त्यांनी स्वतःच एका संध्याकाळी गट सोडला. सोडताना कुणाला तरी नमस्कार करावासा वाटला, म्हणाल्या.

सगळ्यांचं इतकं निभावतंच असं नाही. झोप, जेवण, नोकरी सगळंच ढासळलं असेल तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, औषधाने या चिंतेत चांगला फरक पडतो. आणि रात्री दोनला कुणीच नसेल तर 14416, टेलिमानस. ऑक्टोबर 2022 पासून ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

तीन महिन्यांच्या तपासणीनंतर बाई आल्या. लॅबने ठरलेलं विसरून पीडीएफ पुन्हा रात्रीच पाठवली होती. "उघडली," त्या म्हणाल्या, "एक आकडा शोधला. एकच. मग फोन मुलीच्या खोलीत चार्जिंगला लावला आणि तिच्याबरोबर प्रमेयं करत बसले. तिला साडेअकराला झोप अनावर झाली, मला त्याच्या आधीच."

मग मुलीच्या सराव परीक्षेचे मार्क, तिचं भूमितीतलं एक हमखास चुकणारं गणित, मावसबहिणीचा पुण्याहून आलेला फोन, असं बोलत तास संपला. त्या गेल्यावर नोंद लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, हिमोग्लोबिन किती आलं ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.