सरकारी मराठी शाळेत रुजू होताना

आपण प्रयोगशील शाळेतून कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील सरकारी मराठी शाळेत येत आहात, म्हणून सांगतो की चाकोरीतील आणि पर्यायी शिक्षणाचा वाद मनात धरून वर्गात पाऊल टाकू नये. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेली नली-कली पद्धत पुढे कर्नाटकातील सरकारी प्राथमिक शाळांत रुजली. तीत पहिली ते तिसरीची मुले एकत्र बसतात, भिंतीवरील ‘शिडी’वर, म्हणजे शिकण्याच्या पायऱ्यांच्या तक्त्यावर, आपला टप्पा पाहून त्या टप्प्याच्या चिन्हाचे कार्ड काढतात आणि ज्याचे काम झाले तो इतरांसाठी न थांबता पुढे जातो. पर्यायी शाळांत ज्याचे कौतुक होते, त्यातले बरेचसे येथे आधीच आहे. अर्थात, फाटतील या भीतीने कार्डे कपाटात कुलूपबंद राहिली, तर सगळेच मुसळ केरात.

खरी कसोटी चौथीत लागते, कारण तेथे पाठ्यपुस्तक आणि एकाच गतीने चालणारा वर्ग समोर येतो. म्हणून तिसरीतच मुलांना सलग परिच्छेद वाचून स्वतःच्या शब्दांत चार वाक्ये लिहिण्याची सवय लावावी.

कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड शिकणे सक्तीचे आहे. ते ओझे मानण्यापेक्षा बसच्या पाट्या आणि दुकानांचे फलक वाचनासाठी घ्यावेत. ‘गुरुजी नुसते खेळवतात’ अशी तक्रार घेऊन पालक येतीलच. त्यांच्याशी तत्त्वचर्चा करू नये. त्यांच्या मुलाची जूनमधली आणि आताची वही शेजारी ठेवून दाखवावी.