शब्दचर्चा: ‘ग्रासरूट्स’ला ‘तळागाळातील’ म्हणावं का?

मिनियापोलिसला राहणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे: ‘इथल्या दिवाळी अंकासाठी मिनेसोटातून अमेरिकेच्या सिनेटवर गेलेल्या पॉल वेलस्टोन यांच्या १९९० च्या निवडणुकीवर लेख लिहितो आहे. ग्रासरूट्स प्रोग्रेसिव्ह अ‍ॅक्टिव्हिझम या शब्दांसाठी मी “तळागाळातील पुरोगामी सक्रियता” असं लिहिलं. व्याकरणाची चूक दिसत नाही, पण वाचताना मराठी वाटत नाही. काय करावं?’

तुमच्या कानानं बरोबर ओळखलं. ‘पुरोगामी’ ठेवा, ‘सक्रियता’ काढून टाका. ‘तळागाळातील’ मात्र तुमच्या लेखात एका जागी अगदी चपखल बसेल आणि दुसऱ्या जागी अर्थ बिघडवेल. ते नीट सांगायचं तर वेलस्टोन यांच्या गोष्टीतच शिरावं लागेल.

आधी आपला शब्द पाहू. ‘तळागाळातला माणूस’ म्हटलं की मराठी वाचकासमोर भूमिहीन शेतमजूर येतो, ऊसतोड कामगार येतो, कचरा वेचणारी बाई येते. उतरंडीत ज्याला सगळ्यात खाली ठेवलं गेलं, तो. हा शब्द माणसाची समाजातली जागा सांगतो. ‘योजना तळागाळापर्यंत पोहोचली पाहिजे’ असं आपण रोज वाचतो, त्या वाक्याची दिशाही ठरलेली असते: देणारा वर, घेणारा खाली. (मला स्वतःला या शब्दातल्या ‘गाळा’बद्दल नेहमी वाटतं की त्याच्यावर अन्याय होतो. धरणातला गाळ शेतकरी ट्रॅक्टर लावून शेतात नेतो. सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशी योजनाच काढली. पण रूढ अर्थ रूढ झाला, तो आपल्या एकट्याच्या मताने बदलत नाही.)

‘ग्रासरूट्स’ची दिशा उलटी आहे. काम खालून सुरू होतं आणि वर जातं. ते करणारा माणूस गरीबच असला पाहिजे असं नाही. निवृत्त शिक्षिका असेल, दुकानदार असेल, कॉलेजातला मुलगा असेल. पक्षाच्या मुख्यालयातून आदेश आला म्हणून तो उठलेला नाही, एवढं त्या शब्दात गृहीत आहे.

अमेरिकी राजकारणात हा शब्द रुजला त्या काळातलं एक वाक्य प्रसिद्ध आहे आणि योगायोगानं त्यात तुमचे ग्रासरूट्स, प्रोग्रेसिव्ह आणि सिनेट हे तिन्ही धागे एकत्र येतात. १९१२ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत थिओडोर रूझवेल्ट यांच्या नव्या प्रोग्रेसिव्ह पक्षाचं अधिवेशन भरलं. तिथं इंडियानाचे माजी सिनेटर अल्बर्ट बेव्हरिज म्हणाले की, हा पक्ष गवताच्या मुळांतून आला आहे, लोकांच्या कठोर गरजांच्या मातीतून तो वाढला आहे. तेव्हा घटनेनं सिनेटर निवडण्याचा हक्क लोकांना दिलेला नव्हता. राज्याचं विधिमंडळ सिनेटर निवडून पाठवी, आपल्याकडे आमदार राज्यसभेचे खासदार निवडतात तसं. रेल्वे आणि मोठमोठ्या कंपन्यांना मूठभर आमदार हाताशी धरणं सोपं होतं, म्हणून सिनेटर थेट मतदारांनी निवडावेत ही त्या काळातल्या पुरोगाम्यांची ठळक मागणी होती. १९१३ मध्ये सतरावी घटनादुरुस्ती झाली आणि तो हक्क मिळाला. सिनेटच्या उमेदवारासाठी घराघरांत जाऊन मत मागणं याला सगळीकडे अर्थ आला तो या दुरुस्तीनंतर. तुमच्या लेखाला पार्श्वभूमी हवी असेल तर हे दोन ओळींत जरूर घ्या.

मग गवताची मुळं शब्दशः घेतली तर? बंगालीत तसं झालं आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या पक्षाच्या नावातला ‘तृणमूल’ म्हणजे हाच शब्द. मराठीत मात्र ‘तृणमूल’ म्हटलं की कोलकाताच आठवतं, दुसरं काही नाही. आपल्याकडे गवताच्या मुळाची स्वतःची प्रतिमा आहे, हरळीची मुळी. शेतात हरळी शिरली की कितीही खणा, मुळीचा तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते. पण हरळीतून आपण चिवटपणा सांगतो. काम कुणी सुरू केलं, कुठून सुरू झालं, हे तिच्यातून निघत नाही. वेलस्टोन यांच्या कार्यकर्त्यांच्या चिकाटीबद्दल लिहिताना ती वापरा, शोभेल. ‘ग्रासरूट्स’चा प्रतिशब्द म्हणून ती चालणार नाही.

अमेरिकेत या शब्दाचा खोटा जुळा भाऊही आहे. १९८५ मध्ये टेक्सासचे सिनेटर लॉइड बेंटसन यांच्याकडे विमा उद्योगाच्या बाजूनं पत्रांचा ढीग आला. खरं गवत कोणतं आणि अ‍ॅस्ट्रोटर्फ कोणतं हे टेक्सासच्या माणसाला कळतं, अशा अर्थाचं ते बोलले. हॉकीमुळे आपल्याला ओळखीची झालेली ती कृत्रिम हिरवळ. तिचं नावच टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियमवरून पडलं. पैसे मोजून उभा केलेला ‘लोकांचा उठाव’ म्हणजे अ‍ॅस्ट्रोटर्फ. आपण त्याला भाडोत्री गर्दी म्हणतो आणि तो शब्द पुरेसा आहे.

आता वेलस्टोन. ते १९६९ पासून मिनेसोटातल्या नॉर्थफील्डच्या कार्लटन कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. सत्तरच्या दशकात त्यांनी तिथल्याच राइस काउंटी या जिल्ह्यातल्या ग्रामीण गरिबांना संघटित केलं. सरकारी मदतीवर जगणाऱ्या एकट्या आया, तुटपुंज्या उत्पन्नाची कुटुंबं. कार्यालयात गेलं की ज्यांना कुणी दाद देत नसे अशी माणसं आपल्या हक्कांसाठी एकत्र बसू लागली. तुमच्या लेखात हा भाग येईल तिथं ‘तळागाळातली माणसं’ असंच लिहा. तिथं शब्द पूर्ण खरा आहे.

पण १९९० चा प्रचार वेगळा. समोर रूडी बॉशविट्झ, १९७८ पासून सिनेटर, दोनदा निवडून आलेले, खर्च वेलस्टोन यांच्या सुमारे सात पट. वेलस्टोन यांच्याकडे शाळेची एक जुनी बस होती, हिरवी रंगवलेली, वाटेत बंद पडणारी. तिच्या मागच्या बाजूला उभं राहून ते भाषण करत. त्यांच्यामागे जे लोक आले ते एका थरातले नव्हते. ऐंशीच्या दशकातल्या कर्जसंकटात जमिनी जप्त होऊ लागल्या तेव्हा वेलस्टोन ज्यांच्या बाजूनं धरणं धरून बसले ते शेतकरी आले. मिनेसोटातल्याच ऑस्टिन गावच्या हॉर्मेल मांस कारखान्यातल्या संपाला त्यांनी पाठिंबा दिला होता, ते कामगार होते. उत्तरेच्या आयर्न रेंज या लोखंडाच्या खाणपट्ट्यातले युनियनवाले होते आणि त्यांच्यासोबत कॉलेजचे विद्यार्थी, शिक्षक, पर्यावरणवाले. यांतले कित्येक जण चांगल्या घरात राहणारे, पगारदार. त्यांना ‘तळागाळातील’ म्हटलं तर ते चुकीचं होईल आणि राइस काउंटीतल्या त्या आयांवरही अन्याय होईल, कारण त्यांचं हलाखीचं जगणं त्या शब्दात पुसट होऊन जाईल. शब्द सगळ्यांना लावला की ज्यांचा तो हक्काचा आहे त्यांचाच अर्थ हरवतो. माझा सगळा आग्रह या एका मुद्द्यासाठी आहे.

त्या वर्षी देशभरात विद्यमान सिनेटरला हरवणारे वेलस्टोन एकटेच होते. हे कसं साधलं, त्याचं थोडं उत्तर मिनेसोटाच्या मतदानपद्धतीतही आहे आणि ते शब्दाच्या दृष्टीनंही उपयोगी आहे. तिथं १९७४ पासून मतदानाच्या दिवशी, मतदान केंद्रावरच नाव नोंदवता येतं. पत्त्याचा कागद नसेल तर त्याच केंद्राच्या हद्दीतल्या नोंदणीकृत मतदारानं ‘हा माणूस इथं राहतो, हे मला स्वतःला माहीत आहे’ असं शपथेवर सही करून सांगायचं. आज एका मतदाराला आठ जणांसाठी अशी ग्वाही देता येते. गेल्याच महिन्यात भाड्यानं राहायला आलेला मुलगा, ज्याच्या नावावर अजून विजेचं बिलही नाही, तो शेजारणीच्या सहीवर मत देऊन येतो. अशा राज्यात, वरच्या मजल्यावर कोण राहायला आलंय हे ज्या कार्यकर्त्याला ठाऊक असतं, त्याचं मोल टीव्हीवरच्या जाहिरातीला येत नाही. ग्रासरूट्स म्हणतात ते हे. मराठीत त्यासाठी ‘गल्लीतला’, ‘वस्तीतला’, ‘वॉर्डातला’, ‘गावपातळीवरचा’ असे साधे शब्द आहेत. प्रसंगानुसार त्यांतला एक उचला. सगळ्या मोहिमेबद्दल बोलायचं असेल तर ‘लोकांनी उभी केलेली’ किंवा ‘खालून उभी राहिलेली’ म्हणा.

‘पुरोगामी’बद्दल थोडक्यात. ‘प्रगतिशील’ लिहू नका. मराठीत प्रगतिशील शेतकरी म्हणजे ठिबक लावून द्राक्षं निर्यात करणारा. त्याचा राजकीय कल त्यातून कळत नाही. ‘पुरोगामी’ योग्य, पण महाराष्ट्रात त्या शब्दासोबत फुले-शाहू-आंबेडकर येतात, जातिअंताचा लढा येतो, अंधश्रद्धा निर्मूलन येतं. वेलस्टोन यांच्या पुरोगामीपणात सर्वांना आरोग्यसेवा, कामगारांचे हक्क, छोट्या शेतकऱ्याचं रक्षण, पर्यावरण हे होतं. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये, स्वतःची निवडणूक तोंडावर असताना, इराकवरच्या युद्धाच्या ठरावाविरुद्ध दिलेलं मतही होतं. शब्द पहिल्यांदा येईल तिथं यातल्या दोन-तीन गोष्टी लगेच जोडून लिहा. वाचक आपला अर्थ घालून पुढं जाणार नाही.

‘सक्रियता’ का नको? ज्वालामुखी सक्रिय असतो, मान्सून सक्रिय होतो, एखादे नेते ‘पुन्हा राजकारणात सक्रिय’ झाले अशी बातमी येते. यात कुणी कुणासाठी झिजतं आहे असं काही येत नाही. मराठीत अ‍ॅक्टिव्हिझमला नाम शोधू नका, माणूस शोधा. तो आपल्याकडे आहे: कार्यकर्ता. वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणारा, मतदार यादी घेऊन बसणारा, मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडणारा, असं सगळं त्या एका शब्दात आहे. नाम अडलंच तर ‘चळवळ’ घ्या, नाहीतर क्रियापदावर काम भागवा: ‘लोकांत उतरले’, ‘घरोघर फिरले’, ‘वस्ती संघटित केली’. मराठी वाक्य क्रियापदावर चालतं. इंग्रजी नामाला ‘-ता’ जोडून मराठी नाम पाडायची सवय वर्तमानपत्रांतून आपल्या हाडात शिरली आहे, ती प्रयत्नानं सोडावी लागते.

तिथं पगार घेऊन प्रचाराची बांधणी करणारी तरुण मुलं असतात, त्यांना ‘संघटक’ म्हणा किंवा आपल्या चळवळींतला जुना शब्द घ्या, ‘पूर्णवेळ कार्यकर्ता’. फक्त शनिवार-रविवारी येणाऱ्याला ‘स्वयंसेवक’ चालेल, पण महाराष्ट्रात त्या शब्दाला एका संघटनेचा वास आहे, तेव्हा मी तरी ‘सुट्टीच्या दिवशी येऊन काम करणारे’ असं लिहीन. ‘दारोदार’ टाळा, दारोदार फिरतो तो भिकारी किंवा नोकरी शोधून थकलेला. प्रचार ‘घरोघर’ होतो. लहान लहान देणग्यांसाठी ‘लोकवर्गणी’ इतका चांगला शब्द दुसरा नाही. राजू शेट्टींच्या ‘एक नोट, एक व्होट’मुळे कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला तर तो लगेच कळेल.

‘कॉकस’ तसाच ठेवा, पण एकदा समजावून सांगा: प्रभागातल्या पक्ष-समर्थकांची संध्याकाळची बैठक, शाळेत किंवा चर्चमध्ये, जिथून वरच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी निवडतात. वेलस्टोन यांच्या पक्षाचं नाव डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर. १९४४ मध्ये डेमोक्रॅटिक आणि फार्मर-लेबर हे दोन पक्ष एक होऊन तो झाला. त्याचं भाषांतर करू नका. ‘शेतकरी-कामगार’ लिहिलंत की आपला वाचक थेट अलिबागला पोहोचेल.

राहिलं ‘सिनेट’. मुंबई-पुण्यात सिनेटची निवडणूक म्हणजे विद्यापीठाची, पदवीधरांची. शिवाय मिनेसोटा राज्याची स्वतःची वेगळी सिनेट सेंट पॉलला भरते. तेव्हा ‘मिनेसोटाची सिनेट निवडणूक’ असं मोघम न लिहिता सुरुवातीलाच ‘अमेरिकेच्या सिनेटवर मिनेसोटातून कोण जाणार याची निवडणूक’ असं उलगडून लिहा, पुढं नुसतं ‘सिनेट’ पुरेल.

तुमचा परिच्छेद मी असा लिहिला असता:

‘१९९० मध्ये अमेरिकेच्या सिनेटवर मिनेसोटातून कोण जाणार याची निवडणूक लागली, तेव्हा पॉल वेलस्टोन यांच्यामागे ना मोठा पैसा होता ना बड्या लोकांचा हात. त्यांचा प्रचार लोकांनीच उभा केला. सर्वांना आरोग्यसेवा मिळावी, शेतकऱ्याची जमीन वाचावी, कामगाराला न्याय मिळावा असं मानणारे पुरोगामी कार्यकर्ते गावोगाव, गल्लोगल्ली घरोघर फिरले. लोकवर्गणी गोळा झाली. राइस काउंटीतल्या तळागाळातल्या माणसांबरोबर वेलस्टोन यांनी सत्तरच्या दशकात सुरू केलेल्या कामाचीच ही पुढची पायरी होती.’

यात ‘ग्रासरूट्स’ कुठंच आला नाही आणि काही अडलंही नाही. मथळ्यात मात्र तो हवाच असेल तर सरळ देवनागरीत ‘ग्रासरूट्स’ लिहा. अंकाच्या वाचकांना तो रोजच्या ऐकण्यातला आहे.