वाचकांचे प्रश्न : शेजारच्या न्हाणीतला धूर

प्रश्न : आमचे घर फोंडा तालुक्यातील एका वाड्यावर आहे. शेजाऱ्यांची न्हाणी आमच्या भिंतीपासून जेमतेम दहा हातांवर असून तेथे रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला चुलीवर भाणातले पाणी तापवतात. धूर थेट सासूबाईंच्या खोलीत शिरतो आणि त्यांना दमा आहे. शेजारच्या काकींना दोनदा सांगून पाहिले, तेव्हा ‘आमची चूल तुमच्या घराच्या आधीपासून आहे’ असे उत्तर मिळाले. पंचायतीत तक्रार करावी का?

उत्तर : करता येईल, पण त्याआधी त्या चुलीत काय जळते आणि तिचा धूर कोठून बाहेर पडतो, हे आठवडाभर पाहून वहीत तारीख-वेळेसह लिहून ठेवा. न्हाणीच्या चुलीत बहुधा परसातली चुडते, सोडणे, करवंट्या आणि पडलेल्या फांद्या जातात. हेच सरपण उन्हात खडखडीत वाळलेले असेल तर धूर बराच कमी होतो. ओले असेल तर उष्णतेचा मोठा भाग त्यातले पाणी उडवण्यातच खर्ची पडतो, ज्वाळा धरत नाही आणि अर्धवट जळालेले लाकूड धूर होऊन बाहेर पडते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. जळणासाठी ते वीस टक्क्यांच्या खाली यायला हवे. पावसाळ्यात तुमचा त्रास वाढत असेल, तर कारण चुलीपेक्षा उघड्यावर भिजणारे सरपण हे असण्याची शक्यता अधिक.

दुसरे कारण धुराच्या वाटेचे. बऱ्याच न्हाण्यांना धुराडे नसते आणि धूर कौलांखालून किंवा झरोक्यातून माणसाच्या उंचीवरच बाहेर येतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड व जड असते, वारा डोंगराकडून समुद्राकडे मंद वाहतो आणि धूर वर न चढता पसरत राहतो; म्हणून शेजारघर तुमच्या पूर्वेला असल्यास पहाटेचा त्रास अधिक जाणवेल. खिडकी लावून घेणे हा अर्धाच उपाय आहे, कारण धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण मंगळुरी कौलांच्या फटींतूनही आत येतात आणि दमेकऱ्याला तेच सर्वाधिक बाधतात.

त्यामुळे काकींकडे तिसऱ्यांदा जाल तेव्हा ‘चूल बंद करा’ असे म्हणू नका. भाणातल्या पाण्याची सवय असलेल्या घराला गिझर सुचवणे म्हणजे भांडणाला निमंत्रण, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. त्याऐवजी आढ्याच्या वर जाणारे पत्र्याचे धुराडे आणि सरपणावर छप्पर, एवढेच मागा. खर्चाचा वाटा उचलण्याची तयारी दाखवलीत तर नकार देणे त्यांना अवघड जाईल. धुराड्याचे तोंड आढ्याखाली राहिले तर छपरावरून उतरणारा वारा धूर पुन्हा खाली ढकलतो, हे गवंड्याला बजावून सांगा. सासूबाईंची खोली काही दिवस घराच्या दुसऱ्या बाजूला हलवता आली तर पाहा.

चुलीत प्लास्टिक किंवा कचरा जळत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तो घनकचरा नियमांचा भंग आहे, तेथे भिडेखातर थांबू नका आणि पंचायतीत लेखी तक्रार द्या. निव्वळ सरपणाच्या बाबतीत कायदा इतका सरळ नाही. वायुप्रदूषणाच्या १९८१ च्या कायद्यात राज्य सरकारला पदार्थ जाळण्यावर बंदी घालण्याचा जो अधिकार आहे, त्यातून इंधन वगळलेले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव हटवण्याचा आदेश देऊ शकतात, पण ते कलम सार्वजनिक उपद्रवासाठी आहे. एकाच घराला होणाऱ्या त्रासासाठी दिवाणी न्यायालयाकडून मनाई हुकूम मागावा लागतो. ‘चूल आधीपासून आहे’ एवढ्यानेच शेजाऱ्यांचा बचाव पूर्ण होत नाही, मात्र जुन्या वहिवाटीचा मुद्दा वकिलाकडून तपासून घ्यावा. तालुका विधी सेवा समितीकडे दावा दाखल करण्यापूर्वीही समेटासाठी जाता येते, आणि स्त्रियांना तेथील मोफत कायदेशीर मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. तेव्हा अर्ज सासूबाईंच्या नावाने करणे सोयीचे ठरेल. सोबत डॉक्टरांचा दाखला आणि वहीतल्या नोंदी जोडा, आणि पंचायतीत काही दिलेत तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.