ज्याचा पैसा, त्याचं नाव

प्रिय बाळा,

शनिवारी तू गेलास आणि मला रात्री झोप लागली नाही. सगळ्यांनी मिळून भाड्याने द्यायला कांजूरमार्गला एक टू बीएचके घ्यावा की डोंबिवलीला दोन वन बीएचके, एवढंच तू विचारलं होतंस. मी गप्प राहिले, तुला वाटलं काकूंना बेतच पसंत नाही. तसं नाही रे. तुझ्या त्या एक्सेलमध्ये न्यू जर्सीचा मामेभाऊ, दुबईतले दोघे मित्र, सिंगापूरची आत्येबहीण, सगळ्यांचा हिस्सा पैपर्यंत मांडलेला होता. आणि सगळ्यात खाली लिहिलं होतंस, ‘ॲग्रीमेंट माझ्या एकट्याच्या नावावर, सोयीसाठी.’ माझा जीव त्या ‘सोयीसाठी’त अडकलाय.

ज्याचा पैसा, त्याचं नाव. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळू नकोस.

आधी कायद्याचं उरकते. पैसा एकाचा, घर दुसऱ्याच्या नावावर आणि फायदा पैसे देणाऱ्याचा, याला बेनामी व्यवहार म्हणतात. कायदा 1988 चा, पण त्याला खरे दात आले ते 1 नोव्हेंबर 2016 पासून. मालमत्ता जप्त होते, एक ते सात वर्षं कैद होऊ शकते, वर बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड. बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर आपल्या उघड कमाईतून घेतलं तर सूट आहे. सख्ख्या भावाबहिणीच्या बाबतीतही आहे, पण पैसे देणाऱ्याचं नाव सहमालक म्हणून कागदावर हवं. मामेभाऊ, आत्येबहीण, मित्र या सवलतीत कुठेच बसत नाहीत. तुझा हेतू कितीही स्वच्छ असो.

आता माझं ऐक. 1996 साली माझ्या भावाने मस्कतहून पैसे पाठवले आणि आम्ही मुलुंडला वन रूम किचन घेतला, माझ्या आणि ह्यांच्या नावावर. तो तिकडे, सह्यांना येणार कधी, म्हणून. सोयीसाठीच. मी तेव्हा वकिलाच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची करारपत्रं टाइप करत होते, म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. आठ वर्षं मी तो फ्लॅट सांभाळला. एक दोनशे पानी वही होती, तपकिरी पुठ्ठ्याची. भाडं आलं की तारीख टाकून लिहायचं, सोसायटीची पावती टाचणीने लावायची, प्लंबरला दिलेले सत्तर रुपयेसुद्धा लिहायचे. 2004 मध्ये भाऊ गेला. तेराव्यानंतर वहिनी आली, मी वही पुढे केली. तिने चारपाच पानं उलटली आणि म्हणाली, “अक्षर तर तुमचंच आहे ना, वन्सं.”

ती चुकली नव्हती. माझ्याच हातच्या वहीने मी माझा प्रामाणिकपणा कसा सिद्ध करणार होते?

फ्लॅट तिच्या नावावर व्हायला तीन वर्षं लागली. ह्यांचं म्हणणं, आपण टाइल्स बसवल्या, पावसाळ्यात गच्चीचं गळतं काढलं, ते आधी वळतं करून घेऊ. मी त्यांना अडवायला हवं होतं, अडवलं नाही. पण एक पै खाल्ली नाही मी, हे तुलाही सांगून ठेवते. जुलैत भाडेकरूचा फोन आला की ऑफिस सुटल्यावर गर्दीच्या लोकलने मुलुंडला जाऊन बादल्या लावणारी मीच होते. शेवटी 2007 साली बक्षीसपत्र केलं, मुद्रांक शुल्कही मीच भरलं. वहिनी दर मे महिन्यात हापूसची पेटी पाठवते. पेटीवर नाव माझ्या मुलीचं असतं.

म्हणून ज्याचा पैसा, त्याचं नाव.

आणि ते अवघड नाही रे, हाच तर माझा राग आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला इथे राहतं घर घ्यायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. मामेभावाने अमेरिकेचा पासपोर्ट घेतला असेल तर त्याचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते, आहे का बघ, तेवढं पुरतं. पैसा बँकेतूनच यावा, बाहेरून थेट किंवा त्याच्या एनआरई-एनआरओ खात्यातून, म्हणजे परदेशस्थ भारतीयांची इथल्या बँकेत असतात त्या खात्यांतून. कुणाच्या हातून रोख पाठवतो म्हणाला तर त्याला त्या दिवशीच यातून वगळ. शेतजमीन आणि फार्महाऊस या परदेशातल्या मंडळींना विकत घेता येत नाही, तेव्हा तुझं कर्जतचं स्वप्न बाजूला ठेव. सह्यांसाठी भारतात यायचीही गरज नाही. तिथल्या आपल्या वकिलातीत तुझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करून पाठवायचं, इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. तू त्यांच्या वतीने सही करायचीस, मालक म्हणून नाही. खरेदीच्या करारात प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहून घे. आणि ध्यानात ठेव, माणूस गेला की त्याने दिलेलं कुलमुखत्यारपत्रही संपतं. त्या वेळी तुला वाचवेल ते इंडेक्स टूवरचं, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यावरचं, त्याचं नाव.

भाड्याचंही तेच. लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे भाड्याच्या करारात, सगळे मालक यायला हवेत. करार नोंदवणं 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची, एजंटाची नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही तूच दे. परदेशातल्या मालकाच्या हिश्शावर भाडेकरूला 30 टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापावा लागतो. बऱ्याच भाडेकरूंना हे माहीतच नसतं, आधीच सांग. ज्याच्या त्याच्या एनआरओ खात्यात ज्याचं त्याचं भाडं जाऊ दे. तुझ्या बचत खात्यात सगळ्यांचं जमा करून मग वाटप, हे मुळीच नको. तुझ्या खात्यात आलं की ते तुझंच उत्पन्न दिसतं. तुझ्या कष्टाचा मोबदला हवा असेल, आणि हवाच, तर तो वेगळा ठरव आणि लिहून घे. मी संकोच केला, म्हणून तीन वर्षं टाइल्सवरून भांडण चाललं.

तुझ्या आकड्यांवर फार बोलत नाही. 1 कोटी 10 लाखांचा फ्लॅट, 30 हजार भाडं, असं तू धरलंस. मुंबईत मुद्रांक 6 टक्के म्हणजे 6 लाख 60 हजार, नोंदणीचे 30 हजार वेगळे, ते एक्सेलमध्ये नाहीत. वर्षातला एक महिना घर रिकामं, एक महिन्याचं भाडं ब्रोकरला, सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजार धर. हातात 2 लाख 58 हजार, म्हणजे मुद्रांक-नोंदणी धरून होणाऱ्या एकूण खर्चावर सव्वादोन टक्केही नाहीत, आणि कर अजून जायचाय. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी शुल्कही लावेल, पण सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर तिला जाता येत नाही. फ्लॅटची किंमत वाढेल या भरवशावर हे सगळं उभं आहे, ते चौघांना स्पष्ट सांग. ज्याला नुसतं भाड्याचं उत्पन्न हवंय, घराची कटकट नकोय, त्याने शेअर बाजारातून रीटची, म्हणजे भाड्याच्या इमारतींत पैसा गुंतवणाऱ्या ट्रस्टची, युनिट्स घ्यावीत. त्यातही युनिट्स त्याच्याच नावावर असतात, बघ.

तू म्हणालास, आत्येबहिणीकडे कागद मागितले तर तिला वाटेल आमच्यात विश्वास नाही. अरे, मीही 1996 मध्ये शब्दन् शब्द हेच म्हणाले होते! कागद तिच्यासाठी करायचाय. उद्या तिचा नवरा किंवा मुलगा तुझ्या दारात उभा राहिला तर त्याला तुझं अक्षर वाचायला लावू नकोस.

तुला एकट्याला बोलायला जमत नसेल तर रविवारी सकाळी आठला माझ्याकडे ये. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तिकडे साडेदहा झालेले असतील, ती उठलेली असेल. फोन तू लाव, अडलास तर मी बोलेन. मुलुंडची ती वही काढून ठेवलीय.

तुझी,
काकू