भूक लागली, पेजही लागली

फोंड्याहून एका ताईंनी विचारलंय : त्यांची मुलगी संगणकासाठी मराठी वाक्यांवर अर्थाच्या खुणा लावायचं काम करते. ‘मला भूक लागली’ यात ‘मला’वर तिने कर्त्याची खूण केली आणि तपासणाऱ्याने ती खोडली. बरोबर कोण?

तपासणारा. ‘करतो तो कर्ता’ ऐकून कान किटले आता! पाणिनी म्हणतो ‘स्वतन्त्रः कर्ता’, क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. इथे लागते ती भूक, म्हणून क्रियापद तिच्यामागे ‘लागली’ होऊन जातं. ‘देवदत्ताय रोचते मोदकः’ (देवदत्ताला मोदक आवडतो) यात देवदत्ताला पाणिनीने संप्रदान, म्हणजे ज्याला द्यायचं किंवा आवडतं तो, ठरवलं, कर्ता नाही. हैदराबादच्या ट्रिपल-आयटी या संस्थेची खूणपद्धत कारकांवरच, म्हणजे क्रियेशी असलेल्या नात्यांवरच, उभी आहे : कर्ता के-१, संप्रदान के-४, आणि ‘मला’सारख्याला के-४-ए, म्हणजे अनुभवकर्ता, नुसता अनुभव घेणारा. खूण करण्याआधी अर्थही निवडावा लागतो, कारण वेळ लागणं वेगळं, ठेच लागणं वेगळं. इंग्रजीच्या प्रॉपबँक या खुणा केलेल्या वाक्यसंग्रहात क्रियापदाच्या अशा प्रत्येक अर्थाला भूमिकांची स्वतंत्र यादी असते.

पण खरी गंमत ‘लाग’मध्येच आहे. मूळ संस्कृत ‘लग्’, चिकटणे. हा अर्थ आजही चुलीवर जिवंत आहे : लक्ष नसलं की पेज तळाला लागते आणि घरभर करपट वास सुटतो. ‘लग्न’ म्हणजे चिकटलेलं. पूर्व क्षितिजाला टेकलेली रास ती लग्न, तिच्यावरून धरलेला मुहूर्त लग्न, आणि त्या मुहूर्तावरचा विवाहही लग्नच!

आणि आपल्या गोव्यात तर हा धातू पावलोपावली भेटतो. कोंकणीत ‘म्हजे लागीं’ म्हणजे माझ्याजवळ, ‘ताका लागून’ म्हणजे त्यामुळे. हेच ‘लागीं’ जुन्या मराठीत ‘तुजलागी’, ‘तयालागीं’ असं चतुर्थीचं काम करतं. माझं ठाम मत आहे की आपला ‘ला’ प्रत्यय याच ‘लागी’चा झिजलेला तुकडा आहे. तसं असेल तर ‘मला भूक लागली’त एकच धातू दोनदा आलाय, एकदा प्रत्यय होऊन, एकदा क्रियापद होऊन! ज्यांना हे पटत नाही, त्यांनी ‘तुजलागी’ आणि ‘तुला’ शेजारी मांडून मधली वाट दाखवावी. नुसतं ‘पुरावा अपुरा’ म्हणून हात झटकू नयेत.

आणि ‘लगाम’ला कृपा करून या कुळात बसवू नका. तो फारसी.