चित्रात दिसतं ते लिहू नकोस

चि. मैत्रिणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्रगोष्टीची सोळा पानं दोनदा पाहिली. घर सोडताना खिडकीशी उभी असलेली मुलगी फार छान उतरली आहे. पण खाली लिहिलंस, ‘तिला खूप वाईट वाटलं.’ ते वाक्य खोड. गज घट्ट धरलेला तिचा हात बघून मला ते आधीच कळलं होतं.

मी हे मुलांसाठी लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या ज्युडिथ कार यांच्या पुस्तकांतून शिकले. त्या १९२३ साली बर्लिनमध्ये जन्मल्या. वडील आल्फ्रेड नामवंत नाट्यसमीक्षक, ज्यू, आणि नाझींवर उघड टीका करणारे. मार्च १९३३मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, आईने दोन्ही मुलांना घेऊन देश सोडला; वडील आधीच निसटले होते. मे महिन्यात वडिलांची पुस्तकं जाळली गेली. स्वित्झर्लंड, पॅरिस आणि शेवटी लंडन. जर्मन बोलणारी मुलगी फ्रेंच शिकली, मग इंग्रजी, आणि लिहिलं ते या तिसऱ्या भाषेत.

१९७१ साली त्यांनी या पळापळीवर कादंबरी लिहिली. त्यातल्या ॲनाला एकच खेळणं नेता येतं. ती नवा लोकरीचा कुत्रा उचलते, जुना गुलाबी ससा घरीच राहतो. पुस्तकाच्या नावातच हिटलरने तो ससा चोरला आहे. नऊ वर्षांच्या मुलीला हिटलर कळतो तो असा. तुझ्या गोष्टीत मात्र चौथ्या पानावर फाळणीचा इतिहास सुरू होतो. मुलगी कुठे गेली?

त्याआधी, १९६८ साली, चहाला आलेल्या वाघाचं चित्रपुस्तक. लेकीला झोपवताना सांगितलेली गोष्ट. पुढे काहींना त्या वाघात नाझी पोलीस दिसले, पण ज्युडिथबाई म्हणत, वाघ हा वाघच आहे. हे मला फार आवडतं. सोसलेलं सगळं प्रत्येक पानावर आणायची सक्ती नसते.

त्यांची मोग मांजरीची पुस्तकं मुद्दाम मिळवून बघ. मुलगा वाचायला शिकताना शाळेच्या पुस्तकांना कंटाळला, म्हणून त्यांनी मोजके शब्द घेतले आणि चित्रात दिसतं ते मजकुरात लिहायचं टाळलं. मजकूर झाकून चित्रं बघ, मग चित्रं झाकून मजकूर वाच. तुझ्याही पानांवर हे कर. निम्मी वाक्यं गळतील, गळू देत.

आणखी एक. परागंदा अवस्थेतही ज्युडिथची बालपणीची चित्रं आईने जपली. आज ती इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या ‘सेव्हन स्टोरीज’ या बालसाहित्याच्या संस्थेच्या संग्रहात आहेत. तुझी जुनी चित्रं कुणी ठेवली आहेत का, घरी विचार. पुढच्या खेपेला तीही पाठव.

तुझी,
मावशी