जर्मनीला येण्याआधी मुलीच्या शाळेचं ठरवा

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पुण्यात भाडेकरारापासून सिमकार्डापर्यंत जो तो आधार मागतो, तसा सरकारचा ससेमिरा जर्मनीत नसेल ना? आणि सहा वर्षांच्या लेकीला घरीच शिकवताय, ते इथे चालू ठेवता येईल का? दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण तुमचं येणं त्यावर ठरेल. नाही येणार.

आपल्याकडे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, तरी घरी शिकवणाऱ्या आईबापांच्या मागे सहसा कोणी लागत नाही. मूल मोठं झालं की एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेची, परीक्षा देतं. इथे मुलानं शाळेत जाऊन बसायचं म्हणजे बसायचंच. आधी समज, मग दंड, आणि फारच ताणलं तर मुलांच्या ताब्यापर्यंत प्रकरण जातं. डार्मश्टाटजवळच्या एका कुटुंबाची चार मुलं २०१३ मध्ये तीन आठवडे आईबापांपासून दूर ठेवली होती. ते स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये हरले. मला हे पटत नाही. मूल खातंपितं आहे, शिकतंय, तर सरकारनं मध्ये का पडावं? पण इथे राहायचं तर हे मान्य करूनच.

ससेमिराही आहेच. नव्या घरात आलात की १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा, घरमालकाच्या सहीचा कागद जोडून. मी कोथरूडहून आले तेव्हा टेबलापलीकडच्या बाईंनी फॉर्मच्या एका रकान्यावर पेन टेकवून धर्म विचारला. माझ्या पोटात गोळा आला. मग कळलं, ते चर्चच्या करासाठी. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की आयकराच्या ८-९ टक्के आणखी कापले जातात. मी रकाना कोरा ठेवला, त्यांनी काही न बोलता शिक्का मारला. पुढे रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं. आता ती घरटी महिना १८.३६ युरो आहे, घरात टीव्ही असो वा नसो.

तरी इथे मला निर्धास्त वाटतं ते घटनेच्या कलम १३ मुळे. तातडीचा धोका सोडला तर न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय घराची झडती नाही. १८९७ च्या प्लेगात गोरे सोजीर पेठांतल्या घरांत माजघर-देवघरापर्यंत घुसले, हे ऐकत मोठ्या झालेल्या आपल्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. आपली माहिती कोणाला द्यायची हे आपण ठरवायचं, असा निकाल इथल्या घटना न्यायालयानं १९८३ मध्येच जनगणनेच्या खटल्यात दिला. आपल्या सुप्रीम कोर्टानं खासगीपणाचा हक्क ऑगस्ट २०१७ मध्ये मान्य केला. आणि २०१८ च्या निकालापासून सिमकार्डाला आधारची सक्ती नाही, दुकानदाराला हे जरूर सांगा.

लेकीला शाळेत घालायची तयारी असेल तर या, आणि तिचं जर्मन आत्ताच सुरू करा. नसेल तर यजमानांना कंपनीत लंडनच्या जागेचं विचारायला सांगा. इंग्लंडमध्ये घरी शिकवायला कायद्यानं मुभा आहे.